नेमकं काय केलं त्यांनी? आपापल्या शिक्षकांबद्दल लिहा (मराठवाडा)

गोदातीर

चांगला शिक्षक कोण, असं विचारलं की उत्तरं ठरलेली येतात. प्रेमळ होते, शिस्तीचे होते, तळमळ होती. सगळं खरं असेल, पण उद्या डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू होणाऱ्या पोराच्या हाती त्यातून काय लागतं? तळमळ ठेव, एवढंच. म्हणून हा धागा काढतोय. तुमच्या शिक्षकांनी नेमकं काय केलं, कोणत्या तासाला, कोणत्या पोरासोबत, ते लिहा.

सुरुवात मीच करतो. पाथरी तालुक्यातलं आमचं हायस्कूल. इंग्रजीचे सर हजेरी घेताना गैरहजर पोराच्या नावापाशी थांबायचे आणि त्याच्या शेजारच्याला विचारायचे, का आला नाही? 'माहीत नाही' चालायचं नाही. दुसऱ्या दिवशी माहिती काढून सांगावी लागायची. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा असायचा, पोरी तर जास्तच. सर संध्याकाळी सायकल काढून वस्तीवर जायचे. घरच्यांना उपदेश करायला जात नसत. हातात एक चिठ्ठी असायची, त्या दिवशीच्या धड्यातले पाच-सात शब्द, त्यांचे अर्थ आणि खाली एक वाक्य. वेचून आलेल्या पोरीला ती द्यायचे, चहा प्यायचे, परत.

आता पुढचं बघा. ती पोरगी चार-आठ दिवसांनी वर्गात आली की पहिला प्रश्न तिलाच, आणि त्या चिठ्ठीतला. तिला तो यायचाच. वर्गाला चिठ्ठीचं माहीत नसायचं, किंवा माहीत असूनही कुणी बोलायचं नाही. खाडा पडल्यावर शाळेत परत पाऊल टाकायला पोरांना फार जड जातं. फळ्यावरचं काहीच कळत नाही, बाकीचे पुढं गेलेले असतात, आणि मग 'आजचा दिवस जाऊ दे' म्हणत म्हणत शाळा सुटते ती कायमची. सरांनी बरोबर त्याच जागेवर हात ठेवला होता.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर वाद घाला. हुशार पोरं कुणाच्याही हाताखाली शिकतात. जे पोरगं गळायला आलंय, त्याच्यासाठी शिक्षकानं ठरवून काय केलं, यावरून शिक्षक ओळखावा.

---

तुराटी

धागा आवडला. मी हिंगोली जिल्ह्यात तांड्यावरच्या शाळेत शिकवते. रुजू झाले तेव्हा शाळेत निवृत्तीला आलेल्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्यासमोर केलेली एक गोष्ट लिहिते.

तिसरीतल्या एका पोराची वही. त्यात अशी वजाबाकी:

52 – 27 = 35
81 – 46 = 45
63 – 38 = 35

तिन्ही चूक. कुणीही लाल पेनानं तीन फुल्या मारून खाली 'सराव कर' लिहिलं असतं. बाई त्याच्याजवळ फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे कसं केलंस, मला सांग बरं." पोरगं म्हणालं, "सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन." पुढचीही तशीच. एककाच्या घरात वर लहान आणि खाली मोठा आकडा आला की तो सरळ मोठ्यातून लहान वजा करत होता. म्हणजे पोरगं गोंधळलेलं नव्हतं, निष्काळजी नव्हतं. त्याच्याजवळ एक नियम होता आणि तो नियम आपणच दिलेला होता. पहिलीपासून आपण म्हणत आलो की लहानातून मोठं जात नाही. त्यानं ते मनापासून ऐकलं आणि जिथं जात नाही तिथं उलटं केलं.

बाईंनी तुराटीच्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या झाडाच्या, काड्या आणल्या. बोटाएवढे तुकडे, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या त्याच्यासमोर ठेवल्या. "मला सत्तावीस दे." पोरानं दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या, आणि थांबलं. गठ्ठ्याकडं बघत राहिलं. बाई काही बोलल्या नाहीत. मला राहवत नव्हतं, 'सोड की तो गठ्ठा' हे अगदी ओठावर आलं होतं. बाईंनी हातानंच मला गप्प केलं. बराच वेळ गेला. मग पोरगं म्हणालं, "सोडू का?" बाई म्हणाल्या, "तुला काय वाटतं?" त्यानं सुतळी सोडली, उरलेल्या पाच काड्या मोजून दिल्या आणि राहिलेल्या बघून स्वतःच म्हणालं, "पंचवीस." मग वही ओढली आणि बाकीची दोन कुणी न सांगता खोडून नीट केली.

पोर घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारं. हिशेब सांगताना मधे मधे घरची भाषा यायची, बाई ती येऊ द्यायच्या आणि त्यांना ती समजायचीही. मराठीतच बोल म्हटलं असतं तर त्या पोरानं तोंड उघडलं नसतं, आणि त्याचा नियम बाईंना कधी कळलाच नसता.

मला वाटतं, विषय येणं आणि विषय शिकवता येणं यांत एवढंच अंतर आहे. वजाबाकी आपल्या सगळ्यांना येते. पण पोरं वजाबाकीत कुठं आणि का चुकतात, हे ज्याला ठाऊक आहे तो शिक्षक. हे डी.एड.च्या पुस्तकात फार थोडं असतं. शेजारी बसून विचारल्याशिवाय येत नाही.

---

बालाघाट

@तुराटी, हे वाचून लगेच माझ्या पुतणीची वही काढली. अगदी हीच चूक, आठ गणितांत आठ वेळा. शेरा 'लक्ष नाही'.

---

मांजराकाठ

@गोदातीर, तुमचे सर आवडले, पण 'हुशार पोरं कुणाच्याही हाताखाली शिकतात' हे पटलं नाही. मी औसा तालुक्यातल्या खेड्यातून लातूरला अकरावीला आलो. गावात पहिला नंबर होता. लातूरला पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्रात नापास. खेड्यातलं हुशार पोरगं शहरात आलं की ते हुशार उरत नाही, निदान स्वतःच्या नजरेत तरी. त्या वळणावर किती पोरं सामान बांधून परत गेली, ते मी होस्टेलवर बघितलंय.

लातूर पॅटर्न म्हटलं की आता लोकांना ट्युशन एरियातल्या पाट्या आठवतात. पण त्याची सुरुवात खासगी क्लासमध्ये झालेली नव्हती. राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांतल्या पगारी प्राध्यापकांनी तो घडवला. कॉलेजच्या वेळेच्या आधी-नंतर जादा तास, सुट्टीच्या दिवशी तास, चाचणीवर चाचणी, आणि मुख्य म्हणजे पेपर तपासून लगेच हातात. प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्यासारखी माणसं त्या काळात शाहूला होती, जे पुढं 1994 मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पुण्या-मुंबईच्या मुलांशी आमची पोरं बरोबरी करू शकतात, हे तोवर इथं कुणी आकड्यांनी दाखवलं नव्हतं.

आता नेमकं काय केलं, ते. आमचे भौतिकशास्त्राचे सर उत्तरपत्रिका परत देताना मार्कांवर आधी बोलत नसत. विचारायचे, "येत असून सोडलेला प्रश्न कोणता?" प्रत्येकाला तो शोधावा लागायचा. मला सापडला. घर्षणाचं गणित, घरी सोडवलेलं, पेपरात भीतीनं हात लावला नव्हता. सर म्हणाले, आता इथं उभा राहून फळ्यावर सोडव. सोडवलं. मग त्यांनी माझ्या पेपरावर त्या प्रश्नाचे मार्क बाजूला पेन्सिलीनं लिहिले. मिळालेले नव्हते, पण माझे होते. बेरीज पासाच्या वर जात होती. मी त्या रात्री घरी जायची बॅग भरायची थांबवली.

त्यामुळं माझ्यासाठी व्याख्या थोडी वेगळी आहे. पोराला स्वतःबद्दल जे वाटतं त्यात आणि त्याला खरोखर जे येतं त्यात फरक पडला की तो फरक पुराव्यानिशी दाखवून देणारा तो मोठा शिक्षक. नुसतं 'तू करू शकतोस' म्हणून भागत नाही. पोरांना ते खरं वाटत नाही.

आज लातूरला जे चाललंय त्याबद्दल वेगळा धागा लागेल. एका हॉलमध्ये शेकडो पोरं, माईकवर शिकवणं. शिकवणारे विषयात तयार आहेत, खोटं कशाला बोलू. पण 'तुला येत असून काय सुटलं' हे विचारायला त्या हॉलमध्ये जागाच उरत नाही.

---

गोदातीर

@मांजराकाठ, मान्य. 'हुशार' आणि 'गळायला आलेला' हे एकच पोरगं असू शकतं, हे माझ्या लिहिण्यात निसटलं होतं. पेन्सिलीचे मार्क लक्षात राहतील.

---

धारूरचा

आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे. आमच्याकडं पोरगं आधी गावात राहायला पाहिजे, मग शाळेत.

बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला माणसं निघतात. मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाहीतर कर्नाटक. पोरं सोबत जातात. लहानं सांभाळायला दहा वर्षांची पोरगी लागते, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधायला बारा वर्षांचा पोरगा लागतो. परत येणं मार्च-एप्रिलात, तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं. अर्धं वर्ष शाळा, अर्धं वर्ष फड. असं तीन-चार वर्षं झालं की पोराच्या हातात पाटीच्या जागी कोयता येतो.

शासनाची हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आई-बाप तोडीला गेले तर पोरांनी गावातच आजी-आजोबांकडं, नातेवाइकांकडं राहायचं आणि दोन वेळचं जेवण शाळेच्या व्यवस्थापन समितीनं चालवलेल्या वसतिगृहात. कागदावर चांगली गोष्ट आहे. पण ती चालते का, हे शंभर टक्के त्या गावच्या गुरुजीवर ठरतं. प्रस्ताव वेळेत गेला पाहिजे, आणि त्याहून आधी आई-बापाचा जीव पोराला मागं ठेवायला तयार झाला पाहिजे.

आमच्या गावच्या गुरुजींनी काय केलं सांगतो. गाड्या भरायच्या दिवशी जाऊन काही उपयोग नसतो, त्या दिवशी सगळ्यांचं ठरलेलं असतं. गुरुजी पोळ्याच्या आसपासच फिरायला लागायचे. बापाशी बोलायचे नाहीत. आजीशी बोलायचे. "मावशी, पोरगी तुमच्यापाशी ठेवली तर रात्रीचं तुम्हाला सोबत होईल, जेवणाचं मी बघतो." आजीनं मनावर घेतलं की घरात तिचा शब्द चालायचा. पोरींच्या बाबतीत आईची भीती वेगळी असते, ती कुणी उघड बोलत नाही. म्हणून गुरुजी आपल्या बायकोला सोबत न्यायचे. बायका-बायकांत ते बोलणं व्हायचं.

आणि जी पोरं तरीही जायची, त्यांच्या दप्तरात शिक्षण हमी कार्ड असायचं, जिथं जाल तिथल्या शाळेत दाखवा म्हणून. गुरुजी रविवारी फडावर फोन लावायचे. मुकादमाच्या मोबाइलवर. मुकादमाला रागावून जमत नाही हे त्यांना माहीत होतं, गोडीत घ्यायचे. पोराला फोनवर पाढे म्हणायला लावायचे. पाढे हे निमित्त होतं, पोरगं अजून आपल्या हजेरीवर आहे हे त्याला, त्याच्या बापाला आणि मुकादमाला कळावं म्हणून.

माझी मोठी बहीण त्या आजीवाल्या पोरींमधली. आज ती अंबाजोगाईला सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या बरोबरीच्या, फडावर गेलेल्या दोघींची लग्नं पंधराव्या-सोळाव्या वर्षी झाली. पोरी सारख्याच हुशार होत्या.

---

सावरगावकर

@धारूरचा, डोळ्यात पाणी आलं. आमच्या तालुक्यात पण असेच एक होते.

---

जुना_विद्यार्थी

माझं वय झालंय, त्यामुळं मागचं थोडं लिहितो. तरुण पोरांना वाटतं मराठवाड्यात शिक्षकाला गावात एवढा मान का. त्याला इतिहास आहे.

निजामाच्या राज्यात हायस्कूलपासून वर शिक्षण उर्दूतून. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघालं तेच उर्दू माध्यमाचं. उर्दू ही मोठी भाषा आहे, माझ्या वडिलांची शाळा उर्दूत झाली आणि शेरोशायरी त्यांना शेवटपर्यंत पाठ होती. अडचण भाषेची नव्हती. खेड्यातल्या कुणब्याच्या पोराला घरी एक आणि शाळेत दुसरीच भाषा असली की ते चौथीच्या पुढं टिकायचं नाही, अडचण ही होती. म्हणून हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, अंबाजोगाईला, औरंगाबादला लोकांनी आपल्या शाळा काढल्या. औरंगाबादची सरस्वती भुवन संस्था 1915 ची.

हिप्परग्याला आणि नंतर अंबाजोगाईला जे मुख्याध्यापक होते, व्यंकटेश खेडगीकर, तेच आपले स्वामी रामानंद तीर्थ. त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे, तेही शिक्षकच. 1938 साली स्वामीजी हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. त्याच वर्षी औरंगाबाद-हैदराबादच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं, आणि नागपूर विद्यापीठानं त्यांतल्या पुष्कळांना सामावून घेतलं. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. धागाकर्ते गळणाऱ्या पोराबद्दल बोलतायत ना, इथं शेकडो पोरं एकदम गळत होती आणि एका विद्यापीठानं दार उघडलं. एवढं शिकवणाऱ्यांच्या हातात असतं.

17 सप्टेंबर 1948 ला आपण मोकळे झालो आणि दोनच वर्षांत, 1950 साली, दोन कॉलेजं उभी राहिली. नांदेडला पीपल्स कॉलेज, आणि औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं, म्हणजे आजचं मिलिंद महाविद्यालय. मिलिंदनं काय केलं हे मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांना विचारा. ज्यांच्या बापाला शाळेच्या पायरीवर बसवलं गेलं, ती पोरं बोर्डिंगात राहून पदवीधर झाली. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी विद्यार्थ्यांसाठी 'युगयात्रा' नाटक लिहिलं आणि पोरांनी ते केलं. जी पोरं गावात मान वर करून बोलायची नाहीत, त्यांना रंगमंचावर उभं करून मोठ्यानं बोलायला लावलं. ही शिकवण्याची रीत झाली की नाही? पुढं तिथंच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवलं आणि नवं लिहिणाऱ्यांना पान दिलं.

नांदेडला नरहर कुरुंदकर. 1932 सालचा जन्म, गाव कुरुंदा. आधी प्रतिभा निकेतन हायस्कूलमध्ये शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक, शेवटी प्राचार्य. पन्नाशी गाठायच्या आत, 1982 मध्ये गेले. हा माणूस स्वतः इंटरच्या परीक्षेत नापास झालेला. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर, कवी आणि मराठीचे अध्यापक, त्यांच्या सहवासात वाचत वाढलेला. परीक्षेनं नापास केलेल्या भाच्याला मामानं पुस्तकांतून बाहेर काढलं असतं, तर मराठवाड्याचं केवढं नुकसान झालं असतं.

---

साधीराणी

सगळे चांगलंच लिहितायत, तर दुसरी बाजू मी लिहिते. शिक्षकाचा परिणाम वाईटही होतो आणि तो तितकाच टिकतो.

सातवीत गणिताच्या तासाला मी हात वर केला तेव्हा एक सर म्हणाले, "बस खाली. तुला पुढं चूलच फुंकायचीय." वर्ग हसला. त्यांनी मारलं नाही, छळलं नाही, पुन्हा कधी असं बोललेही नाहीत. त्यांना ते संध्याकाळपर्यंत आठवलंही नसेल. मी त्यानंतर गणितात हात वर केला नाही. आर्ट्सला गेले. आता किराणा दुकानाचा सगळा हिशेब, जीएसटीचे कागद मीच बघते आणि मला ते आवडतं.

यावर अमेरिकेत एक गाजलेला प्रयोग झालाय. रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांची चाचणी घेतली आणि शिक्षकांना सांगितलं की यातली ही ही मुलं या वर्षी झपाट्यानं पुढं जाणार आहेत. साधारण पाचातलं एक मूल. खरं तर ती नावं चाचणीवरून काढलेलीच नव्हती, वाटेल तशी उचलली होती. वर्षाअखेर परत चाचणी घेतली, तर पहिली-दुसरीतली ती मुलं खरोखर इतरांपेक्षा जास्त पुढं गेलेली. वरच्या वर्गांत फरक फारसा दिसला नाही, आणि परिणाम किती मोठा यावर नंतर संशोधकांत खूप वाद झाले. पण लहान वर्गातला शिक्षक पोराकडं कोणत्या अपेक्षेनं बघतो हे पोराला कळतं, यात मला तरी शंका नाही. कुणाला उत्तरासाठी थांबायचं आणि कुणाच्या वेळी लगेच पुढच्याकडं वळायचं, हे शिक्षक नकळत ठरवत असतो. @तुराटी यांच्या बाई त्या पोरासाठी थांबल्या. तांड्यावरच्या पोरासाठी एवढं थांबणारे किती?

आपल्याकडं ही अपेक्षा आडनावावरून, वस्तीवरून, पोरगा की पोरगी यावरून ठरते. हे धाग्यात यायला पाहिजे होतं म्हणून लिहिलं.

---

तुराटी

@साधीराणी, बरं झालं लिहिलंत. हजेरीपटावर नाव वाचतानाच काहींच्या डोक्यात निकाल लागलेला असतो, हे मी स्टाफरूममध्ये ऐकलेलं आहे. 'या वस्तीतली पोरं अशीच.' त्या वाक्याला तिथल्या तिथं कुणीतरी अडवायला पाहिजे.

---

केंद्रशाळा

मी नांदेड जिल्ह्यात देगलूरच्या बाजूला शिक्षक आहे. धागा वाचून अभिमान वाटला आणि थोडी काळजीही वाटायलीय. काळजी अशासाठी की सायकलवर जाणारे सर, पोळ्यापासून फिरणारे गुरुजी यांच्या गोष्टी वाचून लोक म्हणतात, बघा, मनात असलं की होतं. आणि मग बाकीच्यांना दोष द्यायला मोकळे.

आमच्या शाळेत पाच इयत्ता आणि दोन शिक्षक. नियमातच तसं आहे, शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोनच पदं. त्यातला एक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की पाचही वर्ग एकाकडं. कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं काम शिक्षकाला देऊ नये असं लिहिलंय. पण ऑनलाइन माहिती हे काम कोणत्याच कलमात बसत नाही आणि ते रोज असतं. यू-डायस (शाळेच्या माहितीची सरकारी नोंद) भरा, आधार जुळवा, पोषण आहाराची आजची संख्या टाका, फोटो टाका. तेलंगणाच्या सीमेवरची पोरं घरी तेलुगू बोलतात, त्यांच्याशेजारी बसून 'हे कसं केलंस' विचारायला मला वेळ हवाय. माझ्या मनात नाही असं नाही.

एक मात्र सांगतो, कारण धागा 'नेमकं काय' मागतो. आम्ही दोघांनी शाळेत एक गोष्ट ठरवली आहे. मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास मोबाइल कपाटात, कुलूप. केंद्रातून, म्हणजे आमच्या भागातल्या शाळांच्या गटाकडून, कितीही मेसेज येऊ देत. त्या तासाला मोठी पोरं लहानांना वाचून दाखवतात आणि आम्ही दोघं एकेका पोराजवळ बसतो. एका दिवशी चार-पाचच पोरं होतात. महिन्याभरात सगळी होतात. केंद्रप्रमुखांना आधी सांगून ठेवलं, त्यांनीही समजून घेतलं. अशी वरची माणसं समजूतदार असणं हे पण चांगल्या शिक्षकामागचं कारण असतं, ते कुणी लिहीत नाही.

---

मांजराकाठ

@केंद्रशाळा, 'मनात असलं की होतं' याबद्दल शंभर टक्के सहमत. लातूर पॅटर्नसुद्धा एकट्या-दुकट्या प्राध्यापकाच्या त्यागावर उभा नव्हता. संस्थेनं वेळापत्रकच तसं बसवलं होतं, पेपर तपासायला माणसं दिली होती.

---

धारूरचा

आमचे गुरुजी गावातच राहायचे म्हणून त्यांना जमलं हे पण खरंय. नंतरचे तालुक्याहून अप-डाऊन करणारे. माणसं वाईट नाहीत, पण पाचच्या गाडीला जावं लागतं. आजी संध्याकाळी शेतातून येते. भेट होणार कशी?

---

नवीआई_जालना

पहिल्यांदाच लिहितेय. मुलगी पुढच्या वर्षी पहिलीला जाईल. गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, आणि पिवळी गाडी घेऊन येणारी इंग्रजी शाळाही आहे. सगळे म्हणायलेत इंग्रजीतच घाला. हा धागा वाचून वाटतंय शाळेपेक्षा शिक्षक बघावा. पण आमच्यासारख्या पालकांनी तो ओळखायचा कसा? आम्ही काय वर्गात जाऊन बसणार?

---

तुराटी

@नवीआई_जालना, दुसरी-तिसरीतल्या एखाद्या पोराची वही मागून बघा. त्यात मुलाच्या स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं एक तरी वाक्य आहे का, की सगळ्यांच्या वह्यांत फळ्यावरचं सारखंच? चुकीपाशी नुसती फुली आहे की काही लिहिलंय, दुरुस्त करून परत बघितलंय? आणि पहिलीतल्या मुलांना विचारा, बाईंना काही विचारायचं असलं तर काय करता. उत्तर द्यायच्या आधी ती एकमेकांकडं बघतात का, तेवढं बघा. माध्यमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, सहा वर्षांच्या लेकराला जी भाषा बोलता येते तीत आधी वाचायला शिकू द्या. इंग्रजी मागून चांगली येते.

---

केंद्रशाळा

आणि ताई, वर्गात बसता येत नाही असं नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या बायका असाव्यात असा कायदाच आहे. बहुतेक गावांत त्यांच्या सह्या घरी पाठवून घेतल्या जातात. मुलगी शाळेत आली की तुम्ही समितीवर या. बैठकीत पोषण आहार आणि रंगरंगोटी यांच्याशिवाय एक प्रश्न विचारा, या महिन्यात कोणती मुलं आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर होती आणि त्यांच्या घरी कोण गेलं? आम्हाला पण बरं वाटेल कुणी विचारलं तर.

---

नवीआई_जालना

हे मला जमेल. उद्या शाळेत जाऊन वह्या बघते. सासूबाईही येते म्हणाल्या, त्या गावातल्या सगळ्या आज्यांना ओळखतात.

---

गोदातीर

जरूर जा, आणि काय दिसलं ते इथं लिहा. @केंद्रशाळा, मोबाइल कपाटात ठेवायच्या तासाबद्दल सविस्तर लिहाल का? मोठी पोरं लहानांना काय वाचून दाखवतात, पुस्तकं कुठून आणली? आमच्या तालुक्यातल्या दोन-तीन शिक्षकांना दाखवायचंय.